राखण आपली, नियम कोणाचे?



रहिमतपूरला झालेल्या मागच्या बैठकीत आम्ही एक साधा प्रश्न विचारला होता. गेल्या वर्षभरात रानडुकरांनी, वानरांनी किंवा मोरांनी कोणाचे पीक खाल्ले, त्यांनी हात वर करावेत. बसलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचे हात वर गेले. पुढचा प्रश्न विचारला : यांपैकी किती जणांनी वनखात्याकडे लेखी अर्ज दिला? वर राहिलेले हात एका हाताच्या बोटांवर मोजता आले. मग तिसरा प्रश्न : रानडुक्कर मारण्याची परवानगी कायद्याने मिळू शकते, ती कोणाकडे मागायची हे किती जणांना माहीत आहे? त्यावर सभेत शांतता पसरली. मागच्या रांगेतील एक मावशी तेवढ्या म्हणाल्या, "अर्ज कुठं द्यायचा, तेच आजवर कुणी सांगितलं न्हाई."

मावशींचे हे वाक्य सरकारला जितके लागू आहे, तितकेच आम्हालाही लागू आहे. म्हणून या अंकाचे संपादकीय त्यांच्यासाठी लिहीत आहोत.

आमच्यापैकी काही जण शेतीची पदवी घेऊन चळवळीत आले. कॉलेजात आम्हाला मावा, तुडतुडे, हुमणी, तांबेरा, करपा असे सगळे शिकवले. कोणत्या किडीची आर्थिक नुकसानीची पातळी किती आणि ती ओलांडली की फवारणी कधी करायची, हे पाठ करून घेतले. रानडुकराचा धडा मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हता. आज कोरेगाव, खटाव, पाटण, शिराळा या पट्ट्यांत फिरताना भुईमूग, मका, बटाटा आणि ऊस यांचा सर्वांत महागडा शत्रू कोणता म्हणून विचारले, तर शेतकरी किडीचे नाव घेत नाही. तो डुकराचे नाव घेतो. किडीवर औषध मारायला कोणाची परवानगी लागत नाही. डुकराला मात्र कायदा आहे. तेव्हा हा कायदा काय आहे, ते आधी नीट समजून घेऊ.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ सालचा. तो झाला तेव्हा शिकार सरसकट बंद नव्हती. परवाने होते, कोणते जनावर मारता येईल आणि कोणते नाही याच्या याद्या होत्या. १९९१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिकारीचे परवाने बंद झाले. त्याआधी १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यप्राणी हे विषय राज्यांच्या यादीतून समवर्ती यादीत गेले. म्हणजे दिल्लीलाही त्यावर कायदा करता येतो आणि मुंबईलाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

याच कायद्यात ११ वे कलम आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राणी, म्हणजे बिबट्या, गवा, मोर वगैरे, माणसाच्या जिवाला धोका झाला किंवा बरे न होण्याइतके जखमी वा आजारी असले, तरच मारण्याचा आदेश निघू शकतो. तोही राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात, आणि जनावर पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही, अशी त्यांची खात्री झाल्यावरच. गव्यांच्या कळपाने तुमचा सगळा मका लोळवला, तरी या कलमात पिकाच्या नुकसानीला जागा नाही. दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांचे तसे नाही. रानडुक्कर आणि विदर्भात ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय हे प्राणी तिथे येतात. ते मालमत्तेला धोकादायक झाले, तर परवानगी देता येते, आणि मालमत्तेत शेतातील उभे पीक येते असे कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे. ही परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आणि कारणे नमूद करून देतो.

म्हणजे "डुक्कर मारता येतच नाही" हे चावडीवरचे बोलणे चूक आहे. "आपल्या रानात आले की मारा, कोण विचारतो" हे बोलणे त्याहून चूक आहे. परवानगीशिवाय शिकार केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतील प्राणी असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, वर दंड वेगळा. शिकारीच्या व्याख्येत नुसते मारणे येत नाही. फासा लावणे, सापळा लावणे, विष घालणे, हाका करणे हे सारे तिच्यात बसते.

याद्या बदलल्या, तेव्हा आपण कुठे होतो?

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या कायद्यात मोठी दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत मांडले. ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. जयराम रमेश त्या समितीचे अध्यक्ष होते. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या. एप्रिल २०२२ मध्ये समितीचा अहवाल आला. ऑगस्टमध्ये लोकसभेत आणि डिसेंबरमध्ये राज्यसभेत विधेयक मंजूर झाले. १ एप्रिल २०२३ पासून नवा कायदा लागू झाला.

या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार केल्या. रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत गेले. उंदीर, कावळा, वटवाघूळ यांची 'उपद्रवी प्राणी' म्हणून जी पाचवी अनुसूची होती, ती रद्द झाली. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर ६२ व्या कलमाखाली केंद्र सरकारने ठराविक भागापुरती आणि ठराविक मुदतीपुरती अधिसूचना काढावी लागते.

सूचना मागवल्या तेव्हा प्राणिप्रेमी संस्थांनी, शास्त्रज्ञांनी, वकिलांनी लिहिले. त्यांचा तो हक्कच होता आणि त्यांनी तो बजावला, याबद्दल आमची काही तक्रार नाही. आमचा प्रश्न स्वतःलाच आहे. त्या महिन्यांत आपल्या किती ग्रामसभांनी ठराव केला? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून शेतकऱ्यांचे म्हणून एक तरी निवेदन जावे, यासाठी आम्ही काय केले? खरे सांगायचे तर काहीच केले नाही. आम्ही उसाच्या दराच्या आंदोलनात होतो. ते कामही महत्त्वाचे होते. पण कारखान्याच्या दारात टनामागे शंभर रुपयांसाठी रस्ता अडवणारे आपण, रात्रीत डुकरांनी लोळवलेल्या गुंठ्यांचा हिशेब मात्र कुठेच मांडला नाही.

सरकारचीही जबाबदारी आहे. कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असे केंद्राचे २०१४ सालचे धोरण आहे. पण तो मसुदा मराठीत नसेल तर गावच्या ग्रामसभेने वाचायचा कसा? २०२० साली पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याचे घटनेच्या आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत भाषांतर करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला होता. ज्याच्या रानावर कायदा चालणार, त्याला तो त्याच्या भाषेत आधी वाचायला मिळाला पाहिजे. यात उपकाराचा प्रश्न नाही, हा न्याय आहे.

इतर ठिकाणी काय झाले

अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचे दुभत्या जनावरांचे आणि शेतीचे राज्य आहे. तिथे १९३४ पासून एक पद्धत आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये राज्याच्या सर्व ७२ परगण्यांत शिकार आणि मासेमारीच्या नियमांवर लोकांची मते घेतली जातात. हरणाचा हंगाम किती दिवसांचा, कोणत्या तळ्यात किती लांबीचा मासा धरायचा, असे प्रश्न छापील यादीत असतात आणि कोणीही नागरिक त्यावर मत देतो. लोकप्रतिनिधींच्या या परिषदेला तिथल्या कायद्याने १९७२ साली मान्यता दिली. योगायोग पाहा, आपला वन्यजीव कायदाही त्याच वर्षीचा. ही मते सरकारवर बंधनकारक नसतात. पण नियम करणाऱ्याला ती पाहावी लागतात.

तिथले सगळे इथे चालेल, असे आम्ही म्हणत नाही. तिथे शिकार हा पुष्कळांचा छंद आहे, आपल्याला छंद नको आहे. आपल्याला पीक घरी न्यायचे आहे. घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की नियमाची चर्चा परगण्यापरगण्यात, ठरलेल्या महिन्यात, दरवर्षी होते. नियम एकदा करून पन्नास वर्षे कपाटात ठेवला जात नाही.

आपल्या देशातही उदाहरणे आहेत. २०१५-१६ मध्ये केंद्राने बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर आणि हिमाचलात माकड यांना ठराविक भागांत एका वर्षासाठी उपद्रवी ठरवले. जून २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या. त्यावरून केंद्रातलेच दोन मंत्री, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, उघडपणे एकमेकांसमोर उभे राहिले. वाद दिल्लीत झाला, गोळ्या बिहारमध्ये झाडल्या गेल्या. पण वर्षाची मुदत संपल्यावर पुढे काय, हे गावाला कोणी विचारले नाही. मोजदाद नाही, कुंपण नाही, पुढचे नियोजन नाही. अशी एकदाची कत्तल म्हणजे हुमणीवर एकाच वर्षी औषध ओतून पुढची तीन वर्षे डोळे मिटण्यासारखे आहे.

केरळने वेगळी वाट धरली. मे २०२२ मध्ये तिथल्या सरकारने रानडुकराच्या परवानगीचा अधिकार ग्रामपंचायत आणि नगरपालिकेच्या प्रमुखांकडे दिला. विष, स्फोटके आणि विजेचा प्रवाह वापरायचा नाही, अशी स्पष्ट अट घातली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळ विधानसभेने तर वन्यजीव कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करणारे विधेयकच मंजूर केले. वर समवर्ती यादीची गोष्ट लक्षात ठेवा म्हटले, ती यासाठी. अशा विधेयकाला राष्ट्रपतींची संमती लागते, वाट लांबची आहे. पण विधानसभेला विषय घेताच येत नाही, हे मुंबईचे उत्तर खरे नाही.

आमची भूमिका

चळवळीत या प्रश्नावर दोन मते आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. काही कार्यकर्ते म्हणतात, डुक्कर सरसकट मारायला मोकळीक द्या, कायदाच नको. आम्हाला हे मान्य नाही, आणि का मान्य नाही ते मोकळेपणाने सांगतो.

पहिले कारण, डुकरे वाढली त्यात आपलाही हात आहे. धोमचे पाणी आले, कॅनॉलखाली उसाचे क्षेत्र वाढले. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो. डुकराला त्यात निवारा आहे, ओल आहे, खाणे आहे. मादी एका वेताला चार-सहा पिल्ले देते. माळावरचे लांडगे मात्र कमी झाले, कारण माळच राहिले नाहीत. शेजारच्या चार शिवारांत उसाची गर्दी तशीच ठेवून एका शिवारात चार डुकरे मारली, तर महिन्याभरात दुसरा कळप येतो. हा प्रश्न एका शेतकऱ्याच्या बांधात सुटणारा नाही. शिवाराचा मिळून नियम लागतो.

दुसरे कारण, मोकळीक म्हणजे काय होते ते आज चोरून चाललेच आहे. कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडायचा, स्फोटकाचे गोळे पिठात घालून बांधावर ठेवायचे. त्या तारेला पहाटे पाणी धरायला आलेला शेजारी चिकटतो. तो गोळा चरायला सोडलेली गाय चावते आणि तिचा जबडा फुटतो. आम्ही प्रत्येक शेतकऱ्याला हात जोडून सांगतो : घरच्या विजेची तार कुंपणाला लावू नका. डुकराने खाल्लेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा येते. तारेला चिकटलेला माणूस परत येत नाही, आणि लावणारा तुरुंगात जातो. मंजूर झटका यंत्रात प्रवाह क्षणभराचा आणि थोडा असतो, तो बुजवतो, मारत नाही. घरची जोडलेली तार मारतेच.

तिसरे कारण, शिकारीच्या नावाखाली बाहेरचे हौशे-नवशे आपल्या शिवारात घुसतील. डुकराच्या परवान्यावर ससा, साळिंदर, भेकर मारतील. गावाच्या नावावर गुन्हा होईल आणि मांस जाईल भलतीकडे.

म्हणून आम्हाला नियम हवा आहे. पण तो आपल्या सहभागाने झालेला आणि वेळेत चालणारा हवा. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनीही हा विषय अनेकदा उघडपणे मांडला. वन्यप्राण्यांचे व्यवस्थापन स्थानिक लोकांच्या हाती द्यावे आणि नियंत्रित शिकारीला जागा असावी, असे ते सांगत. सह्याद्रीवर आयुष्य खर्च केलेल्या माणसाने हे म्हणावे, याला वजन आहे.

आणि ज्यांचा पिढीजात धंदाच शिकार होता, त्या फासेपारधी समाजाला विसरून चालणार नाही. कायद्याने त्यांची वाघर आणि फासा हिरावला, त्याबदल्यात दिले काय? २००६ च्या वनहक्क कायद्यात मासेमारीचा हक्क धरला, शिकारीचा परंपरागत हक्क मात्र स्पष्टपणे वगळला. उद्या डुकराच्या नियंत्रणाचे काम निघाले, तर नेमबाज परगावचा न आणता हे कसब असलेल्यांना रीतसर मजुरीवर काम मिळाले पाहिजे.

नदीचाही नियम आहे

शिकारीची चर्चा डुकरावरच थांबते. कृष्णेतल्या माशाचे काय? सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारायला १८९७ च्या कायद्याने बंदी घातली. सव्वाशे वर्षे झाली, तरी उन्हाळ्यात डोहात औषध ओतणारे आहेतच. पहिल्या पुरात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात आणि नेमके तेव्हाच ओढ्याच्या तोंडाला जाळी लागतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. ती १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, अशी मागणी खुद्द मच्छीमारांच्या संघटनाच करत आल्या आहेत. ज्याचे पोट त्या माशावर आहे, तोच कडक नियम मागतो, कारण बीज राहिले तर पुढचे वर्ष आहे हे त्याला कळते. बियाणे खाऊन टाकणाऱ्याला आपण शेतकरी म्हणत नाही. नदीलाही तोच न्याय लावा. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीला कृष्णेच्या काठावर मेलेल्या माशांचा खच पडला होता. ते मासे काही जाळ्यात सापडून मेले नव्हते, प्रदूषित पाण्याने मेले. मासेमाराला नियम आणि सांडपाणी सोडणाऱ्याला मोकळीक, हे चालणार नाही, असेही त्याच ठरावात लिहावे लागेल.

आता काय करायचे

एक. प्रत्येक नुकसानीचा लेखी अर्ज द्या. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे, गट नंबर, पीक, नुकसान झालेले क्षेत्र आणि फोटो जोडून, नुकसान दिसेल त्याच दिवशी. पोच घ्या. हे आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने जाहीर केले की, खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्यात घेतले जाईल. त्यासाठी ७२ तासांत फोटोसह कळवावे लागेल. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे मागील नुकसानीच्या नोंदी पाहून राज्य ठरवणार. आता सांगा, तुमचे डुकराचे नुकसान कागदावर कुठे आहे? ज्या गावातून अर्ज नाही, त्या गावात सरकारच्या दृष्टीने डुक्करही नाही.

दोन. ग्रामसभेत ठराव करा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती सांगितली आहे. बहुतेक ठिकाणी ती फलकावर आहे. तिला कामाला लावा. शिवारात कोणते प्राणी येतात, कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूने, ओढ्यात कोणते मासे आहेत आणि कोणते नाहीसे झाले, याची नोंद ठेवा. डुकरांइतकीच लांडग्यांची आणि तरसांचीही नोंद ठेवा. आपण फक्त मारायला टपलेलो नाही, हे त्यातून दिसेल.

तीन. सरकारकडे या मागण्या : रानडुकराच्या परवानगीचा अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा याची मुदत प्रत्येक कार्यालयाबाहेर मराठीत लावा. नकार द्यायचा तर कारण लेखी द्या. शेतसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकांचे परवाने आणि निवडणुकीत त्या जमा करण्याची पद्धत यांचा फेरविचार करा. निवडणूक असली म्हणून डुक्कर रजेवर जात नाही. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य वन्यजीव मंडळात आमदार, तज्ज्ञ, स्वयंसेवी संस्था, अधिकारी या सगळ्यांना कायद्याने जागा आहे, शेतकऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून एकही जागा नाही. ती हवी. आणि दरवर्षी पेरणीपूर्वी, मे महिन्यात, प्रत्येक तालुक्यात शिकार आणि मासेमारीच्या नियमांवर जाहीर सुनावणी हवी. त्यात प्राणिप्रेमींनीही यावे, आमची हरकत नाही. त्यांनी एक रात्र माळ्यावर आमच्याबरोबर राखणीला बसावे आणि सकाळी मत द्यावे.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने तीन कागद आणावेत : गेल्या वर्षातील नुकसानीची यादी, वनखात्याकडे दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत. पोच नसेल तर "अर्ज दिला नाही" असे प्रामाणिकपणे लिहून आणा. त्या कागदांवरूनच निवेदन तयार होईल. आमच्या भाषणांवरून होणार नाही.

रात्रभर डबा वाजवून राखण करणे आपल्याला येते. आता दिवसा कागदाची राखण करायला शिकू. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर वर छापले आहे. ते ज्याला वाचता येते, त्याने शेजाऱ्याला वाचून दाखवावे, ही विनंती.